प्रिंटर चार हजारांचा, पण शाई? घरासाठी प्रिंटर घेताना काय बघावं?

चिंचवडकर
घरी एक प्रिंटर घ्यायचाय. मुलगी सहावीत आहे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री नऊला मेसेज येतो, 'उद्या वर्कशीटची प्रिंट आणावी'. कधी नुसता मजकूर, कधी रंगीत नकाशे, पक्षी, फुलं. त्याशिवाय बाबांच्या पेन्शनचे कागद, बायकोची ऑफिसची थोडीफार कामं आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स. सगळं धरून महिन्याला चाळीसेक पानं होतात, परीक्षेच्या दिवसांत जास्त.

दुकानात गेलो तर सेल्समन म्हणाला, "हा घ्या सर, चार हजारांत बसतो. वायफाय, स्कॅनर, सगळं आलं." त्याच्या शेजारीच टाकीवाला, म्हणजे बाटलीने टाकीत शाई भरायचा, ठेवला होता, बारा हजारांच्या आसपास. चार हजारवाल्याची शाई केवढ्याला पडते असं विचारल्यावर त्याने जरा इकडेतिकडे बघितलं आणि काळं नि रंगीत कार्ट्रिज मिळून दोन हजारांच्या घरातला आकडा सांगितला. म्हणजे दोनदा शाई बदलली की मशीनची किंमत वसूल. त्यांची वसूल, माझी नव्हे.

तर प्रश्न असा, की कार्ट्रिजवाला, टाकीवाला की लेझर? का कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला शरण जावं? खोक्यावर लिहितात तितकी पानं खरंच निघतात का?

फुकटचंबू
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे हीच चर्चा गेल्या दिवाळीपासून चालू आहे.

खडूस काका
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. कोणीतरी म्हणणारच होतं, मी म्हणून मोकळा झालो. आता पुढे चालू द्या.

गणितवाली मावशी
चिंचवडकर, हिशेब मांडूनच बघू. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून गोल आकडे धरते, तुम्ही आपले घालून बघा.

एचपीचं ६८० कार्ट्रिज घ्या, घरगुती प्रिंटरमध्ये भरपूर चालणारं. कंपनी काळ्याची ४८० पानं सांगते आणि तिरंगीची १५०. दोन्ही हजार-हजारांना धरली तर काळं पान दोन रुपयांना पडतं. रंगीत पानाला नुसत्या रंगाचेच साडेसहा रुपये, वर काळी शाई जाते ती वेगळी. म्हणजे पावणेनऊच्या आसपास.

आता एप्सनच्या टाकीवाल्यांतली ००३ नंबरची बाटली. काळी ६५ मिलीची, तिच्यात ४५०० पानं, आणि तीन रंगांच्या बाटल्या मिळून ७५००. बाटली चारशेला धरा. काळं पान नऊ पैसे, रंगीत पान पंचवीस पैसे. कागद दोन्हीकडे सारखाच, तो सोडून देऊ.

मशीनच्या किमतीत आठ हजारांचा फरक. तुम्ही फक्त काळी पानं काढलीत तर पानामागे दोन रुपये वाचतात, म्हणजे टाकीचे जादा पैसे वसूल व्हायला ४००० पानं लागतील. महिन्याला चाळीसच्या हिशेबाने आठ वर्षांहून जास्त. तोवर मशीन टिकलं तर! पण निम्मी पानं रंगीत असतील तर पानामागे पाच रुपयांच्या वर वाचतात आणि तीन वर्षं नि वर थोडे महिने, इतक्यात पैसे वसूल.

थोडक्यात, चाळीस पानं म्हणून भागत नाही. त्यातली रंगीत किती ते सांगा.

फुकटचंबू
मावशी, दंडवत! वाचनखूण साठवली.

निळीशाई
मावशींचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक मोठी मेख आहे. ४८० पानं किंवा ४५०० पानं हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. इंकजेटसाठी, म्हणजे कार्ट्रिजवाले नि टाकीवाले अशा सगळ्या पातळ शाईवाल्यांसाठी, आयएसओ २४७११ नावाचं मानक आहे. ठरावीक पाच पानांचा संच जवळजवळ सलग छापत राहायचा आणि शाई संपेपर्यंत किती पानं निघाली ते मोजायचं. यात कंपन्या खोटं बोलत नाहीत. फक्त घरी असं कोणी छापत नाही.

घरी काय होतं? शनिवारी दोन पानं, मग पंधरा दिवस काही नाही, मग एकदम वीस. मधल्या काळात नोझलच्या, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक भोकांच्या, तोंडाशी शाई सुकू नये म्हणून मशीन स्वतःच हेड (ही भोकं असलेला भाग) साफ करतं. चालू केल्यावर ते घर्र-खट्-घर्र ऐकू येतं ना, तेव्हा तुमची शाई खाली एका स्पंजमध्ये जात असते. कार्ट्रिजमध्ये मुळात शाईच मोजकी असते, त्यामुळे कमी छापणाऱ्याच्या कार्ट्रिजमधली बरीचशी कागदावर पोचतच नाही. मावशींचे दोन रुपये प्रत्यक्षात तीन-चार होतात ते असे.

टाकीवालाही साफसफाई करतोच, पण पाव लिटरच्या जवळपास शाई भरलेली असताना ती जाणवत नाही.

मिरजेची मी
निळीशाई, त्या स्पंजबद्दल अजून लिहा ना. आमच्या प्रिंटरवर एके दिवशी लाल दिवा लागला आणि स्क्रीनवर 'इंक पॅड सर्व्हिस लाइफ संपलं' अशा अर्थाचं काहीतरी आलं. शाई भरलेली, कागद आहे, पण मशीन ढिम्म. सर्व्हिस सेंटरने पॅड बदलून पैसे घेतले. गल्लीतल्या मुलाने नंतर सांगितलं की तो नुसतं सॉफ्टवेअरने काउंटर शून्यावर आणून देतो.

निळीशाई
काउंटर शून्यावर आणला म्हणून स्पंज कोरडा होत नाही. एकदा ठीक, पण सारखं केलंत तर शाई खालून टेबलावर येते. घ्यायच्या आधी एवढं विचारा, की वाया गेलेल्या शाईचा डबा घरच्या घरी बदलता येतो का? कॅननच्या जी मालिकेतल्या नव्या मॉडेलांत तो बाहेरून काढून नवा बसवता येतो. काही मशिनांत मागचं झाकण उघडून मेकॅनिकलाच हात घालावा लागतो.

लॅमिंग्टनचा जुना
मी रिफिलिंगच्या धंद्यात बरीच वर्षं होतो, म्हणून दोन शब्द.

टाकीवाला प्रिंटर हा मूळ आमच्यासारख्या दुकानदारांचा उद्योग. कंपनीच्या प्रिंटरचं झाकण थोडं कापायचं, बाजूला चार बाटल्या चिकटवायच्या आणि बारीक नळ्यांनी शाई आत न्यायची. त्याला सीआयएसएस (कंटिन्युअस इंक सप्लाय सिस्टिम) म्हणायचे. फोटो स्टुडिओवाले, प्रोजेक्ट छापून देणारे, सगळे तेच वापरायचे. वॉरंटी गेली तरी चालेल, पण कार्ट्रिज परवडत नाही, असा हिशेब. आशियात सगळीकडे हेच चाललं होतं. शेवटी एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचाच टाकीवाला काढला, मग तो इकडे आला. नंतर कॅनन, एचपी, ब्रदर सगळेच त्या वाटेने गेले.

आता कार्ट्रिजच्या बाजूने बोलतो, कारण कोणीच बोलत नाहीये. ६८० सारख्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं. खालची ती तांब्याच्या ठिपक्यांची पट्टी आणि चकचकीत भाग दिसतो ना, तेच हेड. शाई सुकली, हेड बसलं, तर नवं कार्ट्रिज म्हणजे नवं हेड. मशीन पुन्हा कोरं करकरीत. एप्सनच्या टाकीवाल्याचं हेड मशीनमध्ये कायमचं असतं. ते कायमचं चोंदलं तर बदलायचा खर्च ऐकून लोक नवीन प्रिंटरच घेतात. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये हेड काढून दुसरं लावता येतं, हा मधला मार्ग.

सुकलेलं कार्ट्रिज जागं करायची युक्ती: बशीत कोमट पाणी, त्यात दुमडलेला टिश्यू ओला करून ठेवायचा आणि कार्ट्रिजचं तोंड त्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवायचं. टिश्यूवर तीन रंगांचे तीन पट्टे उमटले तर जिवंत आहे. दोनच उमटले तर समजून जा. सुईने टोचू नका. लोक टोचतात.

खडूस काका
आणि तिरंगीतला एक रंग संपला की उरलेले दोन रंग फेकून द्यायचे, हे राहिलं की सांगायचं. आमच्या नातवाने आकाशाची चित्रं काढून काढून निळा संपवला. पिवळा तसाच.

लॅमिंग्टनचा जुना
काका, खरं आहे. तिरंगी कार्ट्रिज हा त्यातला सर्वांत वाईट सौदा. सुटे रंग असतील तरच घ्यावं.

मिरजेची मी
आणि काळं पान छापतानाही रंगीत शाई खर्च होते, ते का?

निळीशाई
हेड साफ करताना सगळेच रंग थोडे थोडे जातात. शिवाय काही मशिनं सेटिंगप्रमाणे काळ्यात रंग मिसळून छापतात. प्रिंट देताना 'ग्रेस्केल' आणि मिळालं तर 'फक्त काळी शाई' निवडा. ड्राफ्ट मोडही लावून बघा, वर्कशीटला तेवढं पुरतं.

आणखी एक. भिंतीवरचं बटण दाबून प्रिंटर बंद करू नका. आधी मशीनचं बटण दाबा. मग ते हेड जागेवर नेऊन झाकतं. एकदम वीज तोडली तर हेड उघडं राहू शकतं, आणि दर वेळी चालू करताना पुन्हा साफसफाईला शाई.

तऱ्हेवाईक
अरे पण एवढं सगळं सांभाळायचं कशाला? मोनो लेझर, म्हणजे फक्त काळं छापणारा, घ्या आणि विसरा! त्यात शाईऐवजी टोनर असतं, ही पावडर असते, सुकायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात गावाला जाऊन आलात, जूनमध्ये बटण दाबलंत, पान बाहेर.

कॅननचा एलबीपी २९०० आठवतोय का कोणाला? वकिलांकडे, पतपेढ्यांत, महा ई-सेवा केंद्रांत, जिथे बघाल तिथे तोच. वायफाय नाही, दोन्ही बाजूंनी छापत नाही, दिसायला पांढरा डबा. पण चालतोच आहे. त्याचं ३०३ टोनर आणि एचपीचं प्रसिद्ध १२ए ही भावंडंच, कंपनीच्या आकड्याप्रमाणे २००० पानं. आणि रिफिल कुठल्याही तालुक्याला होतं.

अवनी
लेझरवाले नेहमी येऊन हेच सांगतात आणि रंगाचं काय ते सांगत नाहीत. मूळ पोस्टमध्ये पक्षी-फुलं लिहिलंय. काळा-पांढरा मोर घेऊन मुलगी शाळेत जाईल का?

तऱ्हेवाईक
मोराला खडू आहेत ना! आमच्या वेळी आम्ही स्वतः काढून रंगवायचो.

अवनी
आमच्या वेळी शाळाही रात्री नऊला मेसेज करत नव्हती.

फुकटचंबू
हसून हसून पुरेवाट. धाग्याचा रंग बदलायला लागला, पॉपकॉर्न आणतो.

वऱ्हाडी ठेचा
लेझर घेनाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. आमच्या तिकडं उन्हाळ्यात लाइट जाते, मंग लोकं इन्व्हर्टरवर सारंच चालवतात. लेझरचा फ्युजर, म्हंजे पावडर कागदावर वितळवनारा भाग, गरम होताना एकदम भलताच करंट ओढते. घरच्या इन्व्हर्टरवर लावला का इन्व्हर्टर टॅहां करते नाहीतर ट्रिप होते. इंकजेट बिचारा दहा-वीस वॅटमध्ये भागवते, तो इन्व्हर्टरवर आरामात चालते. मी गावी टाकीवाला घेतला तो याच्यासाठीच. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पोरांचे दाखले, सारं गाव आपल्याकडंच येते. छापाई बी होते अन् चहा बी.

मिरजेची मी
ठेचा, म्हणजे तुम्ही झेरॉक्सवालेच झालात की!

वऱ्हाडी ठेचा
झालो न! पैसे कोनी देत नाही एवढाच फरक.

एल्बेकाठी
हॅम्बर्गहून लिहितोय. इकडे एचपीची इन्स्टंट इंक नावाची योजना आहे. शाईचे पैसे द्यायचेच नाहीत, महिन्याला ठरावीक पानांचे द्यायचे. रंगीत असो की काळं, अख्खा फोटो असो की एक ओळ, पान म्हणजे पान. शाई कमी झाली की प्रिंटर स्वतःच कळवतो आणि नवीन कार्ट्रिज पोस्टाने घरी येतं. ऐकायला छान. पण योजना बंद केली की त्या कार्ट्रिजमध्ये शाई शिल्लक असली तरी प्रिंटर ती घेत नाही. मला ते काही पटलं नाही. मी सरळ लेझर घेतला.

खडूस काका
म्हणजे आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपल्या विजेवर चालणारं मशीन दुसऱ्याला विचारून छापणार. वा!

एल्बेकाठी
काका, चिपचं प्रकरणही तेच आहे. बाहेरची कार्ट्रिज चालू नयेत म्हणून बऱ्याच कंपन्या चिप बसवतात, आणि काही वेळा सॉफ्टवेअर अपडेट झालं की कालपर्यंत चालणारं कंपॅटिबल कार्ट्रिज आज चालत नाही. अमेरिकेत लेक्समार्कने टोनर कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला होता. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं, की एकदा वस्तू विकली की त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपला, घेणारा तिचं काय करतो त्यावर पेटंटच्या जोरावर बंधन घालता येणार नाही. पण कोर्टाने हक्क संपला म्हटलं तरी चिप काही संपली नाही.

अवनी
चिपवरून आठवलं. आमच्या घरच्या प्रिंटरने काळी शाई संपल्यावर स्कॅनही करू दिलं नव्हतं. स्कॅनला शाई कशाला लागते? बाबांचा हयातीचा दाखला पाठवायचा होता, शेवटी मोबाइलने फोटो काढून पाठवला.

तऱ्हेवाईक
खरं तर अर्ध्या लोकांना स्कॅनरची गरजच उरलेली नाही. मोबाइलवर कागद सरळ करून पीडीएफ होते.

सोसायटीचा सेक्रेटरी
रिफिलच्या शाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीच्या टाकीवाल्यात कमिटीतल्या एका सद्गृहस्थांनी बाजारातली सुटी शाई आणून भरली. शंभर रुपयांत लिटरभर मिळाली म्हणून सगळ्यांना सांगत होते. पहिल्या महिन्यात काही नाही. मग पाण्याच्या वेळापत्रकाच्या नोटिशीवर आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या, अशा की बरोबर 'बंद राहील' मधलं 'बंद' गायब. लोक बादल्या न भरता बसले. नोझल चेकचं, म्हणजे भोकं तपासायचं, पान काढलं तर काळ्याच्या जाळीत अर्ध्या रेघा गुल. डीप क्लीनिंग करकरून ती शंभर रुपयांची शाई सगळी स्पंजात गेली.

टाकीवाला घेतलात तर कंपनीच्या बाटलीतच शाई भरा. चारशे रुपयांची बाटली घरात दोन-तीन वर्षं पुरते, तिथे काटकसर कशाची करायची?

लॅमिंग्टनचा जुना
सेक्रेटरी साहेब, १००% सहमत. लेझरमध्ये रिफिल पावडर खपून जाते, फार तर पान जरा फिकट येतं किंवा मागे काळपट डाग. इंकजेटच्या हेडची भोकं केसाहून बारीक, तिथे पातळ-जाड चालत नाही.

गणितवाली मावशी
अजून एक खर्च राहिला. एप्सनच्या ००३ मध्ये चारही शाया डाय प्रकारच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या आहेत, पाणी लागलं की फुलतात. कॅननची जीआय ७९० आणि एचपीची जीटी ५३ यांतली काळी पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची आहे, ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. जुलैत भाचीच्या प्रकल्पावर छत्रीचं पाणी टपकलं, तर 'जलचक्र' या मथळ्याचं खरोखरच जलचक्र झालं. ढगाचा निळा रंग नदीपर्यंत वाहत आला. कागद वाळला तेव्हा बाणसुद्धा कुठून कुठे चाललेत ते कळेना. आम्ही रात्री पुन्हा छापलं. तेही खर्चात धरा.

पावसाळ्यात कागदाची रीम उघडी ठेवू नका, एवढंही सांगते. ओलसर कागद दोन-दोन मिळून आत जातो आणि अडकतो.

कोपऱ्यावरचा
मी प्रत्यक्षात झेरॉक्सवाला आहे, वाचत बसलो होतो. आमच्याकडे साधं पान दोन-तीन रुपयांना आणि रंगीत दहाला. मावशींचाच हिशेब लावला तर कार्ट्रिजवाला घेऊन काळी पानं छापणाऱ्याला आमच्याहून स्वस्त काही पडत नाही, वर मशीनचे चार हजार गेले ते वेगळेच. पण माझं गिऱ्हाईक कमी होईल हे माहीत असूनही सांगतो, शाळेची पोरं घरात असतील तर प्रिंटर घ्या. सकाळी साडेसहाला माझ्या घराची बेल वाजवणारे पालक मी बघतो. दुकान दहाला उघडतं हो.

आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, बँकेचे कागद आम्हाला पाठवतात, नंतर 'डिलीट करा' म्हणायला विसरतात. मी रोज रात्री डिलीट करतो. सगळे करत असतील का?

अवनी
हा मुद्दा पैशांहून मोठा आहे. धन्यवाद.

तऱ्हेवाईक
दुकानदाराने स्वतः येऊन प्रिंटर घ्या म्हणून सांगितलं. आता चिंचवडकर, बोला.

चिंचवडकर
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मावशींनी विचारलं म्हणून मुलीची वही आणि शाळेचा ग्रुप चाळून बघितला. रंगीत लागणारी पानं महिन्याला चार-पाचच्या वर नाहीत, तीसुद्धा बहुतेक प्रकल्पाची, आधी माहीत असलेली. ती कोपऱ्यावर दहा रुपयांना काढता येतील. रात्री नऊला येतं ते सगळं काळं-पांढरं. आणि आम्ही दिवाळी-मे मिळून बरेच दिवस गावाला असतो, तेव्हा मशीन बंदच राहणार. त्यामुळे टाकीवाला मनातून उतरला, कार्ट्रिजवाला तर पहिल्याच पानावर उतरला होता. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर लावणार नाही, ठेचा.

घरून आदेश आलाय की स्कॅनर आणि कॉपी हवंच, मोबाइलचं कौतुक सांगू नका. म्हणून स्कॅनरवाला मोनो लेझर बघतोय. ब्रदरचा एक दाखवला. त्यात टोनर नि ड्रम वेगवेगळे आहेत म्हणे. हे काय प्रकरण आहे?

अवनी
मोर हरला. नोंद घ्यावी.

निळीशाई
ड्रम म्हणजे टोनरची पावडर कागदावर उतरवणारा रूळ. १२ए सारख्यात तो टोनरच्याच डब्यात असतो, दर वेळी दोन्ही नवे. ब्रदरमध्ये टोनर संपलं की फक्त टोनर बदलायचं, ड्रम बराच काळ चालतो. उदाहरणार्थ टीएन २३६५ टोनरची २६०० पानं आणि डीआर २३६५ ड्रमची १२,०००. तुमच्या चाळीस पानांना ड्रम बदलायची वेळ येईतो मुलीचं लग्न होईल.

गणितवाली मावशी
चाळीसने १२,००० म्हणजे पंचवीस वर्षं. निळीशाईंचा अंदाज बरोबर आहे.

चिंचवडकर, दुकानात तीन गोष्टी विचारून घ्या. खोक्यात येतं ते टोनर पूर्ण भरलेलं आहे की कमी पानांचं 'स्टार्टर'. दुसरं, पुढचं टोनर आजच्या भावाने केवढ्याला, आणि ते तुमच्या भागात लगेच मिळतं का मागवावं लागतं. तिसरं, दोन्ही बाजूंनी छापणं आपोआप आहे का, कारण चाळीस पानांची वीस झाली तर कागदही वाचतो. बिल मात्र पक्कं घ्या, वॉरंटीला लागतं.

फुकटचंबू
घेतल्यावर मॉडेल आणि भाव इथे टाका. आमच्याकडच्या वादाला पुरावा लागतो.